शब्दांविना चाळीस मिनिटं

शिफारस हा समीक्षेचा सर्वांत जुना आणि सर्वांत बेफिकीरपणे हाताळला जाणारा प्रकार असावा. 'हे ऐकच' असं म्हणताना आपण त्या संगीताबद्दल एक विधान करतो आणि समोरच्याच्या कानाबद्दल एक अंदाज बांधतो. पहिल्याबद्दल आपण हिरीरीने भांडतो. दुसरं बहुतेक वेळा राहूनच जातं.

प्रोग्रेसिव्ह रॉक मी कॉलेजात असल्यापासून ऐकतो आहे. संगीताचं रीतसर शिक्षण नाही. जे काही कळतं ते कॅसेटी, मग सीडी, रेकॉर्डच्या वेष्टनांवरचा बारीक अक्षरातला मजकूर आणि शास्त्रीय संगीताच्या मैफिलींत मागच्या रांगेत बसून जमवलेलं. आमच्या ऐकणाऱ्यांच्या गटात नवं कोणी आलं, की एक प्रश्न हटकून येतो: 'गाणं नसलेलं, नुसत्या वाद्यांचं प्रोग्रेसिव्ह रॉक ऐकायचंय. सुरुवात कुठून करू?' उत्तरादाखल त्याच्या हातात यादी पडते. अशा याद्या मी बरीच वर्षं वहीत उतरवून ठेवतो आहे. त्या वाचताना सारखं जाणवतं, की त्यांची क्रमवारी बोटांच्या वेगावरून ठरलेली असते. सर्वांत अवघड वाजवणारे वर, सोपं वाजवणारे खाली. बिचारा नवा माणूस वरून सुरुवात करतो, तिसऱ्या अल्बमला थकतो आणि पुन्हा कधी त्या वाटेला जात नाही. शिफारसीचा पाया बदलायला हवा, एवढ्यासाठी हा लेख.

वाचकांपैकी काहींना हा प्रकार अपरिचित असेल, म्हणून थोडक्यात सांगतो. १९६०च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमधल्या काही रॉक बँडना तीन मिनिटांचं गाणं अपुरं वाटू लागलं. एलपी तबकडीच्या एका बाजूवर साधारण वीस मिनिटांचं संगीत मावतं. ती बाजू सलग वापरावी, तिच्यात पाश्चात्त्य अभिजात संगीताची बांधणी, जॅझमधली उपज, लोकसंगीताच्या चाली आणाव्यात, असा तो उद्योग होता. येस, जेनेसिस, पिंक फ्लॉइड ही त्यातली ठळक नावं, आणि ती गाणारी. त्याच घरातल्या काहींनी मात्र गायकाला रजा दिली. शब्द उठून गेले. मग चाळीस मिनिटं धरून ठेवायची कशाच्या बळावर, हा प्रश्न उरला, आणि या प्रकारातलं चांगलं-वाईट मला वाटतं या एकाच प्रश्नावर ठरतं.

'नुसत्या वाद्यांचं' म्हणजे काय, यावरही याद्या करणाऱ्यांत सोवळंओवळं चालतं. कुठे माणसाचा आवाज ऐकू आला, की अल्बम बाद. हे मला हास्यास्पद वाटतं. आपल्याकडे तराण्यात गळा असतो, अक्षरं असतात, पण अर्थ वाहून नेण्याची जबाबदारी त्या अक्षरांवर नसते. ती सूर आणि लय उचलतात. इथेही तेवढंच पाहावं. आवाज आहे की नाही यापेक्षा अर्थाचं ओझं शब्दांवर आहे का, ते पाहावं.

शब्द गेले तरी शीर्षकं राहतात, आणि गंमत तिथे सुरू होते. मी एक साधी कसोटी वापरतो. शीर्षकांची अदलाबदल करून पाहायची. काही बिघडलं नाही, तर ती शीर्षकं म्हणजे नुसत्या पाट्या.

रिक वेकमनचा 'द सिक्स वाइव्ह्ज ऑफ हेन्री द एट्थ' (१९७३) हा या याद्यांमधला मानाचा गणपती. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीच्या सहा राण्या, प्रत्येकीची एक रचना. वेकमन हा येसचा कीबोर्डवादक. त्याचा हात विलक्षण तयार आहे. 'जेन सीमोर'साठी त्याने लंडनच्या सेंट जाइल्स क्रिपलगेट या चर्चमधला ऑर्गन वाजवला आहे आणि तो भाग आजही भारदस्त वाटतो. पण 'कॅथरीन हॉवर्ड'ची पाटी काढून 'अॅन ऑफ क्लीव्ह्ज'वर लावा. काय बिघडतं? दोघींपैकी एकीचा शिरच्छेद झाला, दुसरी विवाह रद्द झाल्यावर सुखाने जगली, आणि संगीताला या फरकाचा पत्ता नाही. या व्यक्तिरेखांकडे पाहून मला जे सुचलं ते हे, अशी वेकमनची भूमिका होती. ती प्रामाणिक आहे. पण मग राण्या कशाला? सहा झगमगीत तुकडे म्हणून ऐकायला हरकत नाही. पहिली शिफारस म्हणून मी हा अल्बम कधीच देत नाही.

याच कसोटीवर कॅमल या इंग्लिश बँडचा 'द स्नो गूज' (१९७५) लावून पाहिला, तेव्हा उत्तर अगदी उलट आलं. पॉल गॅलिकोच्या याच नावाच्या छोट्या कादंबरीवर हा अल्बम बेतलेला आहे. इसेक्सच्या दलदलीत, ओसाड दीपगृहात राहणारा, शरीराने वाकडा, माणसांपासून दूर गेलेला चित्रकार राएडर. जखमी हिमहंस घेऊन त्याच्याकडे येणारी फ्रिथा ही मुलगी. हंस बरा होतो, उडून जातो, परत येतो. मग १९४० साली डंकर्कच्या किनाऱ्यावर अडकलेल्या सैनिकांना आणायला राएडर आपली छोटी होडी घेऊन निघतो आणि परत येत नाही. लेखकाकडून हरकत आली, त्यामुळे मुखपृष्ठावर 'म्युझिक इन्स्पायर्ड बाय' असे शब्द छापावे लागले. आणि कथेतला एकही शब्द अल्बममध्ये नाही. 'मायग्रेशन'मध्ये आवाज आहेत, पण ते तराण्यासारखे, बिनअर्थाचे.

सोळा छोट्या रचना, एकीतून दुसरी उगवते. 'राएडर'ची बासरीवरची धून एकदा कानावर पडली की विसरत नाही. अँड्र्यू लॅटिमरची बासरी आहे ती. पुढे हंस निघून जातो आणि तीच धून 'राएडर अलोन'मध्ये संथ, पोकळ होऊन परत येते. माणूस तोच, घर तेच, एक जण कमी. हे शब्दांनी सांगायचं तर एक कडवं लागलं असतं. इथे फक्त लय उतरली आहे. आता शीर्षकं बदलून दाखवा! सगळा डोलारा कोसळेल, कारण इथे अर्थ आठवणीतून तयार होतो. आधी काय ऐकलं होतं ते तुमच्या कानाला आठवलं, तरच आत्ताचं कळतं. आलापात एखादी स्वरसंगती आधी सहज येऊन जाते आणि अर्ध्या तासाने तिचं वजन कळतं, त्यातलाच हा प्रकार.

'डंकर्क'मध्ये सैन्याच्या पावलांसारखी लय हळूहळू चढत जाते, वाद्यवृंद तिच्यात मिसळतो. वाद्यवृंदाची बाजू डेव्हिड बेडफर्डने सांभाळली होती. इथे दिखाऊपणाला केवढा वाव होता. पण कोणी धावत सुटत नाही. अल्बम 'द ग्रेट मार्श'ने उघडतो आणि त्याच नावाच्या रचनेने मिटतो. दलदल तिथेच आहे, माणूस नाही.

या अल्बमला 'गोड गोड' म्हणून नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. पीटर बार्डेन्सचे कीबोर्ड कुठे कुठे फार मऊ होतात हे मलाही मान्य आहे, आणि 'फ्रेंडशिप'मधली सुषिर वाद्यांची बदकचाल जरा बालबोध आहे. पण आपल्याकडच्या श्रोत्यासाठी यात एक मोठी सोय आहे. चांगल्या वादकाला आपण 'वाद्य गातं' अशी दाद देतो. सतारीत, बासरीत आपण गळा शोधतो. प्रोग्रेसिव्ह रॉकमधली बहुतेक वाद्यं गात नाहीत, ती इमारत बांधतात. लॅटिमरची गिटार मात्र गाते. त्यामुळे भावगीत आणि ख्याल ऐकून तयार झालेल्या कानाला या दाराने आत येणं सोपं जातं.

माइक ओल्डफील्डचा 'ट्युब्युलर बेल्स' (१९७३) याद्यांमध्ये बहुधा पहिला असतो. व्हर्जिन या कंपनीची ही पहिलीच रेकॉर्ड. ओल्डफील्ड तेव्हा जेमतेम विशीत होता आणि बहुतेक वाद्यं त्याने स्वतः, एकावर एक ध्वनिमुद्रित करत वाजवली. सुरुवातीचं पियानोचं आवर्तन पंधरा मात्रांत मोजता येतं. सोळातली एक काढून घेतल्यामुळे ते कायम पायरी चुकल्यासारखं पुढे सरकत राहतं. आपल्या पंधरा मात्रांच्या पंचम सवारीचा डौल त्यात नाही, पण अस्वस्थता मोठी गोड आहे. त्याच वर्षीच्या 'द एक्झॉर्सिस्ट' या भयपटात हा तुकडा वापरला गेला आणि आता तो ऐकला की लोकांना भूतच दिसतं. रचनेचं हे दुर्दैव.

माझी अडचण मात्र वेगळी आहे. पहिल्या बाजूच्या शेवटी व्हिव्हियन स्टॅनशॉल एकेका वाद्याचं नाव पुकारतो आणि ते वाद्य येऊन हजेरी लावतं. ऐकायला मजा येते, नाही असं नाही. पण वीस मिनिटं चालून आपण पोहोचतो कुठे, तर वाद्यांच्या ओळखपरेडला. कडी म्हणून सगळं उत्तम, साखळी म्हणून सैल.

म्हणून मी नव्या माणसाला ओल्डफील्डचा 'ओमाडॉन' (१९७५) देतो. 'वेडा' या अर्थाच्या आयरिश शब्दावरून आलेलं हे नाव. समूहस्वरातले आयरिश शब्द अगदी घरगुती, किरकोळ आहेत. म्हणजे पुन्हा तराणाच. आरंभीची उदास धून पहिल्या बाजूभर रूपं पालटत फिरते आणि शेवटी जबुला या गटाच्या आफ्रिकी ढोलांवर स्वार होऊन गिटार जो काही आक्रोश करते, तो आधीच्या पंधराएक मिनिटांनी कमावलेला असतो. नुसता तो शेवट कापून ऐकवला तर आरडाओरडा वाटेल. त्याच वर्षी ओल्डफील्डची आई वारली होती. हे माहीत नसलं तरी चालतं. दुसऱ्या बाजूवरचे पॅडी मोलोनीचे आयरिश पाइप्स ऐकताना काहीतरी हरवलंय एवढं कळतंच.

आता महाविष्णू ऑर्केस्ट्रा. आपल्याकडे हे नाव ऐकताच माणसं 'आपलंच आहे हो' म्हणून छाती फुगवतात. जॉन मॅक्लॉफ्लिनला 'महाविष्णू' हे नाव श्री चिन्मय यांनी दिलं आणि त्याने अमेरिकेत डॉ. एस. रामनाथन यांच्याकडे वीणेचे धडे घेतले, हे खरं. पण आपलेपणाच्या हक्काने ऐकलं तर पदरी निराशा येईल, कारण राग शोधायला गेलात तर सापडत नाही. (तो शोधायचा तर त्याचा पुढचा बँड, शक्ती. तिथे तबल्यावर आपले झाकीर हुसेन होते.) 'हा जॅझ-रॉक, प्रोग्रेसिव्ह नव्हे' असाही वाद घातला जातो. मला त्यात रस नाही.

'बर्ड्स ऑफ फायर' (१९७३) मी एका खास श्रोत्यासाठी राखून ठेवला आहे. तबल्याचं एकलवादन ऐकणाऱ्यासाठी. शीर्षक-रचना घंटानादाने उघडते आणि गिटारचं अठरा मात्रांचं आवर्तन सुरू होतं. अठरा मात्रांचा मत्तताल आपल्याकडे कागदावर जास्त आणि मैफिलीत कमी. इथे खाली-भरी नाही, ठेका नाही. पण गिटारचं ते न ढळणारं आवर्तन लेहरा म्हणून धरा आणि त्यावर बिली कॉबमचे ड्रम्स ऐका. सगळा गोंगाट एकदम जागेवर बसतो. तबला ऐकणाऱ्या एका मित्राला एवढंच सांगून हा अल्बम दिला होता. दुसऱ्या दिवशी तो मांडीवर अठरा मोजत आला. याच माणसाला 'स्नो गूज' दिला असता तर झोपला असता.

किंग क्रिम्सनचा 'लार्क्स टंग्ज इन अॅस्पिक' (१९७३) सोवळ्या याद्यांत बसत नाही, कारण मध्ये गाणी आहेत. त्याची शीर्षक-रचना, दोन्ही भाग, तेवढी तरी ऐकाच. गॉब्लिन या इटालियन बँडचं 'सस्पिरिया' (१९७७) हे चित्रपट-संगीत रात्री एकट्याने ऐकू नये. ऑझ्रिक टेंटॅकल्स स्वयंपाक करताना छान वाटतात, बसून ऐकायला लागलं की विरतात.

ऐकण्याची एक सूचना. या रचना तबकडीच्या एका बाजूच्या मापाने बेतल्या आहेत. फोनवर क्रम ढवळून ऐकल्या, दोन तुकड्यांमध्ये जाहिरात किंवा क्षणाचीही फट आली, तर 'राएडर अलोन'ला काही आठवणारच नाही.

आणि सर्वांत शेवटी द्यायचा, पण द्यायचाच, असा एक. युनिव्हर्स झिरो या बेल्जियन बँडचा 'हेरेसी' (१९७९). ड्रमवादक डॅनियल डेनी याचा हा बँड. बसून, व्हायोलिन, व्हिओला यांच्यासोबत त्यात हार्मोनियम आहे. पेटी म्हटली की आपल्याला नाट्यपद आठवतं, भजन आठवतं, गोविंदराव टेंबे आठवतात. 'ला फो' ही पंचवीस मिनिटांची रचना लावा. तीच पेटी बंद तळघरातल्या श्वासासारखी ऐकू येते. आमच्या गटात पेटी वाजवणारे एक गृहस्थ आहेत, सत्तरीचे. त्यांनी ती पूर्ण ऐकली, चष्मा काढून पुसला आणि विचारलं, 'भाता कोण मारतंय हो हा?'