शेवटच्या मिलिग्रॅमचे गणित : नैराश्यरोधक औषधांचा मात्रा-उतार आणि त्याची परिभाषा

प्रास्ताविक

औषध कसे सुरू करावे याविषयी वैद्यकशास्त्रात विपुल लेखन आहे. ते कसे थांबवावे याविषयीचे लेखन मात्र तुलनेने अत्यल्प आहे. नैराश्यरोधक औषधांच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते. ‘प्रोझॅक’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या फ्लुऑक्सेटिनला अमेरिकेत डिसेंबर १९८७ मध्ये मान्यता मिळाली. पाठोपाठ सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन, सिटॅलोप्रॅम व एसिटॅलोप्रॅम ही त्याच कुळातील औषधे प्रचारात आली. या औषधांच्या बहुतेक चाचण्या काही आठवड्यांच्या होत्या. रुग्णांनी ती घेतली मात्र वर्षानुवर्षे. दहा वर्षे गोळी घेतलेल्या व आता बरे वाटत असलेल्या व्यक्तीने ती कोणत्या क्रमाने उतरवावी, या प्रश्नाचे सविस्तर उत्तर देणारा प्रमाणग्रंथ २०२४ मध्ये प्रकाशित झाला. मार्क हॉरोविट्झ व डेव्हिड टेलर यांचा ‘द मॉड्स्ले डीप्रिस्क्रायबिंग गाइडलाइन्स’ हा तो ग्रंथ होय. टेलर हे औषधे लिहून देण्याविषयीच्या सुपरिचित मॉड्स्ले मार्गदर्शिकेचे प्रमुख लेखक, तर हॉरोविट्झ हे मनोविकारतज्ज्ञ. हॉरोविट्झ यांनी स्वतः अनेक वर्षे एसिटॅलोप्रॅम घेतले असून ते कमी करताना झालेला त्रास त्यांनी जाहीरपणे सांगितला आहे. लिहून देणारा आणि सोडू पाहणारा असे दोन दृष्टिकोन एका मुखपृष्ठावर एकत्र यावेत, ही या ग्रंथाची पहिली लक्षणीय बाब आहे.

प्रस्तुत लेखात या ग्रंथाची, तसेच तो ज्या परिभाषेच्या वादातून जन्माला आला त्या वादाची चिकित्सा केली आहे. ग्रंथाचे खरे कर्तृत्व त्यातील सहानुभूतीत नसून गणितात आहे, आणि त्याची मर्यादाही त्याच गणितात आहे, असे त्याच्या वाचनातून दिसते.

एका नावाचा इतिहास

नैराश्यरोधक औषध अचानक बंद केल्यास शरीर त्रास देते, हा शोध नवा नाही. इमिप्रामिन या जुन्या औषधाबाबत अशी निरीक्षणे १९५९ पासून नोंदली गेली आहेत. चक्कर, मळमळ, निद्रानाश, विलक्षण ठसठशीत स्वप्ने, अकारण रडू येणे, चिडचिड, डोक्यातून विजेचा झटका गेल्याची संवेदना अशी ही लक्षणे असतात. अफूजन्य पदार्थांच्या किंवा मद्याच्या संदर्भात अशा लक्षणांना ‘विथड्रॉवल’ म्हणण्याची रीत होतीच. नव्या औषधांच्या बाबतीत मात्र वेगळे नाव रूढ झाले. १९९६ मध्ये एली लिली या कंपनीच्या अर्थसाहाय्याने अमेरिकेत तज्ज्ञांची एक बैठक झाली आणि १९९७ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांतून ‘डिसकंटिन्युएशन सिंड्रोम’ ही संज्ञा प्रस्थापित झाली. लिलीचे फ्लुऑक्सेटिन शरीरातून अतिशय सावकाश बाहेर पडते, तर प्रतिस्पर्ध्यांचे पॅरॉक्सेटिन साधारण एका दिवसात निम्म्यावर येते. त्यामुळे ही लक्षणे कोणत्या औषधाने अधिक होतात याची चर्चा लिलीला व्यापारी दृष्ट्या गैरसोयीची नव्हती, हेही येथे नोंदविले पाहिजे.

या नामांतरामागे केवळ व्यापार होता असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. नैराश्यरोधक गोळीची तल्लफ येत नाही, रुग्ण मात्रा वाढवीत नेत नाही, गोळीसाठी घर विकत नाही. शरीराचे अवलंबन आणि व्यसन या दोन भिन्न गोष्टी आहेत. रुग्णाला व्यसनी ठरविले जाऊ नये ही भूमिका योग्यच होती. चूक झाली ती पुढच्या पायरीवर. हे व्यसन नाही, म्हणून हा त्रास किरकोळ आहे, असे अनुमान नकळत काढले गेले. वस्तुतः प्रेडनिसोलोनचे व्यसन कोणालाही लागत नाही. तरीही ते एकदम बंद करू नये, हे प्रत्येक रुग्णाला बजावून सांगितले जाते. तेथे नावाचा घोळ नव्हता, म्हणून वागण्याचाही झाला नाही.

शिवाय ‘डिसकंटिन्युएशन’ या शब्दात कर्तृत्व औषधाकडून रुग्णाकडे सरकते. त्रास औषधाने शरीरात घडविलेल्या बदलांमुळे होत नसून रुग्णाने गोळी थांबविल्यामुळे होतो, असा त्याचा ध्वनी आहे. इंग्लंडमधील ‘नाइस’ या संस्थेच्या २००९ च्या मार्गदर्शिकेत ही लक्षणे सामान्यतः सौम्य असून सुमारे आठवड्याभरात आपोआप शमतात, असे सांगितले होते. एकदम थांबविल्यास ती तीव्र असू शकतात, ही पुस्तीही तेथे होती. परंतु दवाखान्यांपर्यंत पोहोचले ते पहिलेच अर्धे वाक्य. मे २०१९ मध्ये तेथील रॉयल कॉलेज ऑफ सायकिअॅट्रिस्ट्सने आपली भूमिका बदलली, त्याच वर्षी ‘नाइस’ने मजकुरात दुरुस्ती केली आणि २०२२ च्या नव्या मार्गदर्शिकेत ‘विथड्रॉवल’ हाच शब्द स्वीकारला.

वक्ररेषेचे गणित

हॉरोविट्झ आणि टेलर यांचा मूळ लेख २०१९ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’त प्रसिद्ध झाला. ग्रंथाचा कणा तोच आहे. ही औषधे मेंदूतील सेरोटोनिन-वाहकांवर बसतात. किती मात्रेने किती वाहक व्यापले जातात याची मापे मेंदूच्या प्रतिमांकनातून उपलब्ध होती. लेखकद्वयाने त्यांकडे उलट्या दिशेने पाहिले. सिटॅलोप्रॅमचे २० मिलिग्रॅम सुमारे ८० टक्के वाहक व्यापतात. मात्रा ९ मिलिग्रॅमवर आणली तरी व्याप्ती सुमारे ७० टक्के राहते. साडेतीन मिलिग्रॅमच्या आसपास ती निम्म्यावर येते आणि एका मिलिग्रॅमहूनही कमी मात्रा सुमारे २० टक्के वाहक धरून ठेवते.

आता दवाखान्यात चालत आलेली पद्धत पाहावी : वीसचे दहा, दहाचे पाच, पाचचे शून्य. कागदावर प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा लहान आहे. मेंदूच्या हिशेबात मात्र पहिली पायरी सुमारे १० टक्क्यांची, दुसरी त्याहून थोडी मोठी, आणि शेवटची, जी सर्वांत लहान दिसते ती, जवळजवळ ६० टक्क्यांची ठरते. जिन्याच्या वरच्या पायऱ्या इंच-इंचाच्या असाव्यात आणि शेवटची पुरुषभर उंचीची असावी, तसा हा प्रकार आहे. “पाचपर्यंत काही झाले नाही, पाच बंद केली आणि आजार उलटला” या तक्रारीचा अर्थ त्यामुळे पार बदलतो.

यावरून ग्रंथातील पद्धत निघते. प्रत्येक वेळी समान मिलिग्रॅम न घटविता समान परिणाम घटवावा. म्हणजे मात्रा जितकी लहान, तितकी कपात लहान. दोन कपातींमध्ये काही आठवडे थांबावे, त्रास असह्य झाल्यास मागील सुसह्य मात्रेवर परतावे, स्थिर झाल्यावर अधिक लहान पायरीने पुन्हा उतरावे. ग्रंथात प्रत्येक औषधासाठी जलद, मध्यम व संथ अशी वेळापत्रके दिली आहेत. संथ वेळापत्रक वर्षाहून अधिक काळही चालू शकते. ‘दिवसाआड एक गोळी’ ही आपल्याकडेही परिचित असलेली युक्ती ग्रंथाने सकारण नाकारली आहे. पॅरॉक्सेटिनसारख्या औषधाची पातळी दिवसाआड घेतल्याने उतरत नाही, नुसती हेलकावे खाते. परस्परसाहाय्य गटांतील रुग्णांनी गोळ्या कानशीने घासून, द्रवात विरघळवून हे ज्ञान आधीच कमावले होते, याची कबुली हॉरोविट्झ यांनी वेळोवेळी दिली आहे. विद्यापीठीय ज्ञानाच्या इतिहासात अशी कबुली विरळा असते.

परंतु येथेच एक आक्षेप घ्यावा लागतो. कोष्टकांतील मात्रा मिलिग्रॅमच्या शतांशापर्यंत दिलेल्या आहेत. ज्या मापांवरून त्या काढल्या ती थोड्या व्यक्तींच्या सरासरीची आहेत, आणि वाहकांची व्याप्ती म्हणजे रुग्णाला जाणवणारा परिणाम नव्हे. ग्रंथाच्या पाठीशी असलेला पुरावा मुख्यत्वे तर्काचा, निरीक्षणांचा व अनुभवांचा आहे. वक्ररेषेने उतरणे सरळरेषेने उतरण्यापेक्षा निश्चित सरस आहे, हे मोठ्या यादृच्छिक चाचणीने सिद्ध करून मग तो लिहिलेला नाही. लेखक हे लपवीत नाहीत, तथापि दशांशचिन्हाला स्वतःची भुरळ असते. शेकडो पृष्ठांच्या कोष्टकांपुढे ‘गती रुग्णाने ठरवावी’ हे ग्रंथातीलच वाक्य फिके पडते.

उलटला तो आजार की उतरत आहे ते औषध?

या विषयातील सर्वांत जोखमीचा प्रश्न निदानाचा आहे. गोळी थांबविल्यावर आलेली अस्वस्थता, निद्रानाश व रडू हे पुन्हा उद्भवलेले नैराश्य मानले, तर रुग्णाला आजन्म औषधाची गरज असल्याचा निष्कर्ष निघतो. उलट खरोखर परतलेले नैराश्य ‘हा तर औषध उतरण्याचा त्रास’ म्हणून अंगावर काढले, तर जीव जाऊ शकतो. ग्रंथाने सांगितलेल्या खुणा उपयुक्त आहेत : लक्षणे काही दिवसांत आली की काही महिन्यांनी, मूळ आजारात कधी नव्हती अशी चक्कर वा विजेचे झटके सोबत आहेत का, मात्रा पूर्ववत केल्यावर लवकर आराम पडतो का. फ्लुऑक्सेटिनबाबत पहिली खूण फसवी ठरते, कारण ते शरीरात आठवडेच्या आठवडे रेंगाळते. तीव्र निराशा किंवा आत्मघाताचे विचार आल्यास खुणा जुळवीत बसण्यास अवकाशच नसतो. तेथे तत्काळ डॉक्टरांची गरज असते. ग्रंथाचा तोल पहिल्या चुकीच्या भयाकडे झुकलेला आहे. दीर्घकाळ उलट्या बाजूस झुकलेल्या पारड्याची ही प्रतिक्रिया समजण्याजोगी असली, तरी दुसऱ्या चुकीला अधिक पृष्ठे मिळावयास हवी होती.

२०२१ मध्ये प्रसिद्ध झालेली इंग्लंडमधील ‘अँटलर’ चाचणी या संदर्भात महत्त्वाची आहे. दीर्घकाळ औषध घेणाऱ्या व बरे वाटत असलेल्या ४७८ रुग्णांपैकी ज्यांचे औषध चालू ठेवले, त्यांच्यात वर्षभरात ३९ टक्क्यांना नैराश्य पुन्हा उद्भवले; ज्यांचे काढून घेतले, त्यांच्यात ५६ टक्क्यांना. औषधाचे समर्थक या फरकाकडे बोट दाखवितात. औषध काढूनही ४४ टक्के जण वर्षभर ठीक राहिले आणि औषध चालू असूनही दहांपैकी जवळजवळ चौघे आजारी पडले, हेही त्याच आकड्यांत आहे. शिवाय त्या चाचणीतील मात्रा-उतार सुमारे दोन महिन्यांत आटोपला होता. त्या ५६ टक्क्यांत विथड्रॉवलचा वाटा किती, हा हॉरोविट्झप्रभृतींचा प्रश्न म्हणूनच रास्त आहे.

त्रास किती जणांना होतो, याबाबत आकड्यांचे युद्धच आहे. डेव्हिस व रीड यांच्या २०१९ च्या आढाव्याने तो निम्म्याहून अधिकांना होतो असे म्हटले. परंतु त्यात स्वतःहून उत्तरे देणाऱ्यांच्या सर्वेक्षणांचा भरणा होता. हेन्सलर व सहकाऱ्यांच्या २०२४ च्या विश्लेषणात औषध थांबविणाऱ्यांत ३१ टक्के, तर निष्क्रिय गोळी थांबविणाऱ्यांतही १७ टक्के लोकांनी लक्षणे सांगितली. तीव्र त्रास साधारण पस्तिसांत एकाला. हा अभ्यास अधिक शिस्तबद्ध आहे, मात्र अशा विश्लेषणांतील पुष्कळ चाचण्यांत औषध थोडेच आठवडे वा महिने घेतलेले असते. दहा वर्षांच्या रुग्णाविषयी तीन महिन्यांच्या रुग्णावरून बोलणे दोन्ही पक्षांनी थांबविले, तर वाद निम्म्यावर येईल.

मराठी वाचकासमोरील प्रश्न

हा सारा विचार मराठीत आणावयाचा, तर शब्द कोणता वापरावा? ‘विथड्रॉवल’साठी मराठीत रुळलेला एकमेव जिवंत शब्द ‘टर्की’ हा आहे. तो गर्दच्या व्यसनाच्या जगातून आलेला आहे आणि नैराश्याच्या रुग्णाला तो लावणे म्हणजे पुन्हा त्याच कलंकाकडे जाणे. ‘प्रत्याहार’ हा शब्द सुचतो, परंतु तो अष्टांगयोगात आधीच गुंतलेला आहे. बोलीत तर क्रियापदेच न्यायनिवाडा करतात. ‘गोळ्या सोडल्या’ यात निश्चयाची शेखी आहे, ‘गोळ्या सुटत नाहीत’ यात दारूच्या जोडीने केलेली निर्भर्त्सना. त्या मानाने ‘उतार’ हा शब्द निर्दोष आहे. जिन्याला उतार असतो, तापाला उतार पडतो, आणि दुखण्याला उतार पडला म्हणजे बरे वाटू लागले असाच अर्थ होतो. ‘मात्रा-उतार’ या संज्ञेत खाली येणे व बरे असणे यांचा विरोध राहत नाही.

शब्दापलीकडील प्रश्न परिस्थितीचा आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतात निरनिराळ्या मनोविकारांनी ग्रस्त असलेल्यांपैकी ७० ते ९२ टक्के लोकांना उपचारच मिळत नाहीत. अशा समाजात औषध थांबविण्याविषयीचा ग्रंथ वेगळ्या कानांनी ऐकला जातो. ‘गोळ्या घेऊ नकोस, मन खंबीर कर’ म्हणणाऱ्या नातेवाइकाला तो आयते प्रमाणपत्र वाटू शकतो. दुसऱ्या बाजूला, बरे वाटले म्हणून, पैसे संपले म्हणून किंवा गावी जाताना पाकीट विसरले म्हणून गोळी एकाएकी बंद पडणे येथे नवलाचे नाही. त्या रुग्णाला मात्रा-उताराची माहिती नसते, आणि त्यानंतर आलेली चक्कर व तगमग त्याला आजाराची वा अशक्तपणाची वाटते. ग्रंथाची खरी गरज अशांना आहे. ग्रंथ मात्र जुनीच चिठ्ठी दाखवून वर्षानुवर्षे गोळ्या नेणारा रुग्ण डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेला नाही. नियमित भेटीचा डॉक्टर, द्रवरूप औषध आणि हव्या त्या मात्रेची पुडी बांधून देणारा औषधनिर्माता यांची उपलब्धता तो गृहीत धरतो.

आपल्याकडील औषधांच्या दुकानात एसिटॅलोप्रॅमची गोळी सामान्यतः ५, १० व २० मिलिग्रॅमची मिळते. पाचच्या गोळीचे चार समान तुकडे कोणाला साधले, तरी हाती सव्वा मिलिग्रॅम येते, आणि ग्रंथातील कोष्टकाच्या अखेरच्या पायऱ्या त्याच्याही खाली आहेत.