अंतराळकथेंतील रिकामी जागा

ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाच्या कादंबरीस (१८६५) 'केरळ कोकिळ' मासिकानें १९०० सालीं 'चंद्रलोकची सफर' या नांवानें मराठी वेष दिला. मूळ कथेंत तोफेच्या गोळ्यांतून तीन पुरुष निघतात, सोबत दोन कुत्रीं असतात. स्त्री मात्र एकहि नाहीं. हा दोष केवळ काळाच्या माथीं मारतां येत नाहीं. कारण १९०५ सालींच बेगम रुकैया हुसेन यांनीं 'सुलतानाज ड्रीम' या इंग्रजी कथेंत सूर्याची उष्णता साठवून शत्रूस पळवून लावणाऱ्या विदुषी रंगविल्या.

पुढें प्रत्यक्षानेंच कल्पनेस मागें टाकलें. १९६३ सालीं व्हॅलेंतिना तेरेश्कोवा व १९९७ सालीं कल्पना चावला अंतराळांत गेल्या. परंतु यानांत स्त्री बसविली कीं ती नायिका झाली, असें आम्हांस वाटत नाहीं. धाडसी पुरुषास स्त्रीचें नांव देणें सोपें आहे. प्राणवायु संपत आला असतां पुढें जावें कीं परतावें, हा निर्णय तिचा असावा, आणि त्याचें फळहि तिनेंच भोगावें. तेव्हांच व्यक्तिरेखा जिवंत होते. प्रताप नगरांतील आमच्या वाचक भगिनींनीं व कन्यांनीं अशी कादंबरी हातीं घेतांना एवढेंच पाहावें: यान कोणाच्या हुकमानें वळतें?