‘बफर्ड’ आणि ‘प्लेड’ : ब्राउझरची नोंद आणि तिचे चुकीचे वाचन

एचटीएमएलमधील ऑडिओ व व्हिडिओ या घटकांना ‘बफर्ड’ आणि ‘प्लेड’ असे दोन गुणधर्म आहेत. ब्राउझरने कोणता भाग उतरवून ठेवला आहे हे पहिला सांगतो. कोणता भाग वाजून झाला हे दुसरा सांगतो. दोन्ही एकच आकडा न देता ‘टाइमरेंजेस’ हा ऑब्जेक्ट देतात. त्यात कालखंड क्रमाने मांडलेले असतात आणि प्रत्येकाची सुरुवात व शेवट सेकंदांत मिळतो.

ही रचना योग्यच आहे, कारण आपण व्हिडिओ नेहमी सलग पाहत नाही. समजा, ६०० सेकंदांचे व्याख्यान आहे. विद्यार्थ्याने पहिली ६० सेकंदे पाहिली आणि थेट ५४० व्या सेकंदावर उडी मारून शेवटपर्यंत पाहिले. ‘प्लेड’मध्ये दोन कालखंड नोंदले जातील : ० ते ६० आणि ५४० ते ६००. बेरीज १२० सेकंद, म्हणजे २० टक्के.

दोष बहुधा वापरणाऱ्याचा असतो. फक्त पहिल्या कालखंडाचा शेवट घेतला तर उत्तर १० टक्के येते. फक्त शेवटच्या कालखंडाचा घेतला तर १०० टक्के. ‘बफर्ड’बाबतही हीच घाई होते. अजून काहीच उतरले नसताना पहिला कालखंड मागितला, तर थेट एरर येते. म्हणून आधी ‘लेंग्थ’ तपासावी, मग लूप चालवून बेरीज करावी.

मात्र रचनेलाही मर्यादा आहेत. एकमेकांवर येणारे कालखंड एकत्र केले जातात. त्यामुळे अवघड भाग पाच वेळा ऐकणारा आणि एकदाच ऐकणारा यांची नोंद सारखीच दिसते. दुप्पट वेगाने चालवलेला भागही पूर्ण धरला जातो. पान पुन्हा उघडले की नोंद कोरी होते. आणि व्हिडिओ चालू ठेवून विद्यार्थी खोलीबाहेर गेला, तरी ‘प्लेड’ वाढतच राहते.

म्हणून प्रगतिपट्टी रंगवण्यासाठी हे गुणधर्म उत्तम आहेत. हजेरी किंवा प्रमाणपत्र केवळ ‘प्लेड’वर ठरवणे मात्र चूक आहे. वाजणे म्हणजे ऐकणे नव्हे, आणि ऐकणे म्हणजे समजणे नव्हे. ब्राउझरला यांतले फक्त पहिलेच कळते.