खात्यात नसलेलं खाणं

वाणिज्य शाखेच्या पदवीधराने पुस्तकाचं परीक्षण लिहिणं म्हणजे वांग्याच्या भरतात केळं कुस्करण्यासारखं आहे. आम्हा जळगावकरांच्या हाताशी या दोन्ही वस्तू असतात, म्हणून मोह आवरत नाही एवढंच. शिवाय आपल्याकडे चाळीस पानी कवितासंग्रहावर दोन-दोन रकाने खर्च होतात; पण जे पुस्तक घरातली माणसं पिठाच्या बोटांनी रोज उघडतात, त्याकडे समीक्षक सहसा ढुंकूनही बघत नाहीत. तेव्हा ही रिकामी जागा एका कारकुनाने भरली तर फारसं बिघडू नये.

विषय आहे विचित्र खाण्याचा. आमच्या शाखेत पुण्याहून बदलून आलेला प्रत्येक साहेब पहिल्या काही महिन्यांत 'विचित्र' हा शब्द तीनदा उच्चारतो. पहिल्यांदा शेवभाजी समोर आल्यावर. "अहो, शेवेवर कोणी रस्सा ओततं का?" हे विचारणारा गृहस्थ आयुष्यभर मिसळ खात आलेला असतो! दुसऱ्यांदा कळण्याच्या भाकरीला, कारण ज्वारीबरोबर अख्खे उडीद दळले की भाकरीचा रंग पांढरपेशा राहत नाही. आणि तिसऱ्यांदा भर उन्हाळ्यात, गच्चीवर घातलेल्या बिबड्या वाळायच्या आत उचलून तेल-शेंगदाण्यांबरोबर खाणारी आमची कार्टी पाहिल्यावर. पापड वाळेपर्यंत थांबायचा धीर नसलेला मुलूख त्याने बापजन्मी पाहिलेला नसतो. पुढे हाच साहेब धुळ्याच्या मीटिंगला जाताना हायवेवरच्या ढाब्याशी गाडी थांबवतो आणि वेटरला सांगतो, "तर्री जरा जास्त घाला."

२०१६ साली जळगावच्या केळीला आणि भरताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून तर आमच्या वांग्याला कोणी नाव ठेवत नाही. शिक्का बसला की कागद खरा, हे बँकेतल्या माणसाला कोणी शिकवायला नको. पॅरिसमध्ये हेच झालं. १८७० साली प्रशियाच्या फौजांचा वेढा पडला, शहरातलं मांस संपलं आणि प्राणिसंग्रहालयातल्या जनावरांवर सुरी चालली. एका नामांकित हॉटेलने नाताळच्या जेवणाच्या यादीत हत्तीचं सूप, कांगारू आणि उंदरांच्या सोबतीने मांजर, असं व्यवस्थित छापलं. नाव फ्रेंचमध्ये, कागद गुळगुळीत. आज त्याला कोणी शिसारीने नाक मुरडत नाही, इतिहास म्हणतात.

आता पुस्तकाकडे येतो. लक्ष्मीबाई धुरंधरांच्या 'गृहिणी-मित्र'ने १९१० साली हजार पाकक्रिया सांगितल्या. १९७० साली कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'ने वाटी-चमच्याच्या मापाने मराठी मध्यमवर्गाला स्वयंपाक शिकवला, आणि आमच्याही घरात तिचं स्थान पंचांगाशेजारी आहे. पण शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' २०१५ साली आलं, तेव्हा या हजारांच्या हिशेबात कोणाकोणाची खाती उघडलेलीच नव्हती ते कळलं. पाटोळे उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातले. मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजांच्या घरात काय शिजत होतं, ते त्यांनी आठवणी आणि कृती एकत्र करून लिहिलं. आमच्या घरचं जेवण पाकशास्त्राच्या पुस्तकांत का नाही, हा त्यांचा साधा सवाल. जेवणाआधीच्या श्लोकातल्या 'पूर्णब्रह्म' या शब्दाला त्यांनी एक 'अ' जोडला, आणि पिढ्यान्‌पिढ्या जुळत आलेला ताळेबंद त्या एका अक्षराने बिघडवून टाकला. असं मथळ्याचं बळ मी फार थोड्या पुस्तकांत पाहिलं.

आत रक्ती आहे, म्हणजे जनावराचं रक्त शिजवून केलेला पदार्थ. चान्या आहेत, म्हणजे मांसाच्या लांब पट्ट्या कापून, दोरीवर वाळवून केलेली बेगमी. आमच्या गच्चीवर बिबड्या वाळतात, त्यांच्या अंगणात चान्या. पावसाळा दोघांनाही सारखाच येतो. लेखक कीव मागत नाही, की गरिबीचं लोणचं घालून वाढत नाही. ताट पुढे ठेवतो आणि हे कोणी, का खाल्लं ते सांगतो.

हे पुस्तक मी बँकेत नेलं होतं. डब्याच्या सुट्टीत आमच्या एका सहकाऱ्याने ते उचललं आणि "ऐका, ऐका!" करत रक्तीबद्दल मोठ्याने वाचायला सुरुवात केली. जत्रेत दोन डोक्यांच्या वासराची जाहिरात करतात, तो सूर. टेबलावर हशा झाला. आमचे दप्तरी आबा कोपऱ्यात जेवत होते. त्यांच्या डब्यात मेथीची भाजी आणि भाकरी होती. तरी त्यांनी डब्यावर झाकण ओढलं आणि पाणी प्यायला म्हणून उठून गेले.

या सहकाऱ्याचा मुलगा इंग्लंडात असतो आणि तिथल्या साहेबी न्याहारीचं कौतुक आम्हाला आठवड्यातून दोनदा ऐकावं लागतं. मी विचारलं, "त्या न्याहारीत काळं पुडिंग असतं ना, ते कशाचं करतात?" म्हणाले, "असेल काहीतरी गोड." म्हटलं, "डुकराच्या रक्ताचं." त्यांनी पुस्तक मिटलं. खाण्यावरची वासना मात्र मिटली नसावी, कारण पुढच्या पाच मिनिटांत त्यांनी माझ्या डब्यातला ठेचा संपवला.

योगायोग पाहा, पुस्तक निघालं त्याच वर्षी, मार्च २०१५ मध्ये, महाराष्ट्रात गाईबरोबर बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली. इकडे कृती छापून आल्या आणि तिकडे त्यातल्या काहींचं सामानच बाजारातून उठलं. आम्हा खान्देशी लोकांची फौजदारी नावाची डाळ असते. ती खाऊन फार तर नाकातून पाणी येतं. इथे ताटावर खरीच फौजदारी आली. २०२४ साली भूषण कोरगांवकरांनी या पुस्तकाचं इंग्रजी केलं, तेव्हा आमच्या साहेबांनीही ते मागवलं. इंग्रजीत 'विचित्र' शब्द त्यांना एकदाही आठवला नाही.

माझी तक्रार एकच. पुस्तक मराठवाड्याचं असल्यामुळे खान्देशी वाचकाला वाचताना शेंगदाण्याच्या कुटाची चुकल्याचुकल्यासारखी होते. ही तक्रार मला क्षुल्लक वाटत होती. पण आबांनी ते पुस्तक, कोणी बघत नाही असं पाहून, माझ्याकडून घरी मागून नेलं. पंधरा दिवसांनी परत आणलं ते वर्तमानपत्राचं कव्हर घालून.

"कसं वाटलं, आबा?"

"चांगलं आहे, भाऊसाहेब. पण चान्यांचं म्हणाल तर आमच्या मायची पद्धत निराळी व्हती. ती निखाऱ्यावर भाजायची, अन् मग मिरची-शेंगदाण्यासंगे कुटायची. हे त्यांना कोणीतरी कळवाया पाहिजे."

"तुम्हीच कळवा."

आबांनी माझ्या टेबलावरचा एक कोरा विड्रॉवल फॉर्म उचलला, उलटा केला आणि कानावरचं पेन काढलं.