‘प्रकृतीची पर्वा न करता’ : आंबेडकर-चरित्रांतील थकव्याचे वाचन

आपल्याकडे थोरांच्या जयंती-पुण्यतिथीला जे लेख छापून येतात, त्यांत एक वाक्प्रयोग हमखास सापडतो : ‘प्रकृतीची पर्वा न करता’. त्याला जोडून देह चंदनासारखा झिजवल्याचा उल्लेख येतो. लिहिणाऱ्याचा हेतू गौरवाचाच असतो, त्यामुळे या शब्दांकडे कोणी थांबून पाहत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बाबतीत मात्र ते थांबून पाहायला हवे, असे मला त्यांची चरित्रे आणि त्यांच्याविषयीच्या आठवणी वाचताना सतत वाटत आले आहे. शेवटची निदान नऊ वर्षे ते दीर्घ आजाराचे रुग्ण होते. मधुमेह, रक्तदाब, संधिवात, पायांतील नसांचे दुखणे आणि अधू होत गेलेली दृष्टी एवढे सगळे अंगावर असताना त्यांनी मंत्रिपद सांभाळले, संविधानाचा मसुदा तडीस नेला, ग्रंथ लिहिले, संस्था उभ्या केल्या. हे सर्वांना ठाऊक आहे. पण हे त्यांनी कसे निभावले, हा प्रश्न आपल्या चरित्रलेखनाने क्वचितच विचारला. ‘पर्वा न करता’ म्हटले की प्रश्न संपतो. माझे म्हणणे असे की, हा वाक्प्रयोग त्यांच्याबाबतीत वस्तुस्थितीला धरून नाही. त्यांनी प्रकृतीची पर्वा केली होती, आणि त्याचे पुरावे त्यांच्याच लेखणीतले आहेत.

शीण आणि थकवा

मराठीत दमण्याला शब्दांची वाण नाही. शीण येतो आणि उतरतो. दमलेला माणूस बसला की सावरतो. मराठवाड्यात ‘अंग मोडून आलं’ म्हणतात, तेही सकाळपर्यंत जाईल या बोलीवरच. जुन्या दुखण्याचा थकवा मात्र या हिशेबात बसत नाही. तो झोपून उठल्यावरही तसाच असतो. मधुमेहात साखर वर-खाली होते, नसा दुखू लागल्या की रात्रीची झोप जाते, आणि झोप गेली की दुसऱ्या दिवशीचे काम उधारीवर चालते. असा माणूस बाहेरून धडधाकट दिसतो; त्यामुळे त्याचे ऐकणारा ‘थोडी विश्रांती घ्या’ एवढेच म्हणतो. साहित्यातही जीवघेण्या दुखण्याला जागा मिळते, बऱ्या झालेल्या दुखण्याला मिळते. रोज कामावर जावे लागणाऱ्या, न मरणाऱ्या आणि बऱ्याही न होणाऱ्या माणसाची गोष्ट लिहायला आपल्याकडे साचाच नाही. आंबेडकर-चरित्रांची अडचण मुळात ही साच्याची अडचण आहे.

मसुदा आणि पायांचे दुखणे

मसुदा समिती २९ ऑगस्ट १९४७ रोजी नेमली गेली आणि समितीचा मसुदा २१ फेब्रुवारी १९४८ रोजी संविधान सभेच्या अध्यक्षांना सादर झाला. १९४८च्या आरंभीचे हेच महिने पायांच्या दुखण्याचे आणि झोपेविना गेलेल्या रात्रींचे आहेत. बहुतेक चरित्रांत मसुदा राज्यघटनेच्या प्रकरणात आणि दुखणे विवाहाच्या प्रकरणात येते. दोन्ही एकाच दिनदर्शिकेवर मांडून पाहिल्याशिवाय त्यांचा संबंध लक्षात येत नाही.

५ नोव्हेंबर १९४८ रोजी टी. टी. कृष्णमाचारी यांनी संविधान सभेत केलेले भाषण आपल्याकडे वारंवार सांगितले जाते. समितीच्या सात सदस्यांपैकी एकाने राजीनामा दिला, एकाचे निधन झाले, एक अमेरिकेत होते, एक संस्थानी कारभारात गुंतले होते, एकदोघे दिल्लीपासून दूर होते. त्यामुळे भार आंबेडकरांवर पडला, असा त्याचा आशय. या यादीत एक बारीक तपशील आहे, तो सहसा वगळला जातो. दूर राहणाऱ्यांच्या गैरहजेरीमागे प्रकृतीचेही कारण असावे, असे कृष्णमाचारी म्हणाले होते. म्हणजे प्रकृतीच्या कारणाने काहींना सूट मिळाली आणि ज्याच्यावर काम येऊन पडले तोही आजारीच होता. ज्याच्या आजाराची नोंद होते त्याला सवलत मिळते. जो काम उरकून देतो त्याच्या आजाराची नोंदच होत नाही. कोणत्याही कचेरीत हे आजही पाहायला मिळेल.

स्वतः आंबेडकरांनी मात्र या भाराचे श्रेय एकट्याकडे घेतले नाही. २५ नोव्हेंबर १९४९च्या भाषणात त्यांनी बी. एन. राव आणि एस. एन. मुखर्जी यांचा उल्लेख केला, आणि मुखर्जींच्या हाताखालचे कर्मचारी कधी कधी मध्यरात्र उलटेपर्यंत खपत होते, हेही आवर्जून सांगितले. दुसऱ्याच्या जागरणाची नोंद ठेवणारा हा माणूस. त्याच्या चरित्रात मात्र जागरण एकट्या नायकाचे होते आणि बाकीचे दिवे विझतात.

१५ एप्रिल १९४८ रोजी, सत्तावन्नाव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी, त्यांनी डॉ. शारदा कबीर यांच्याशी विवाह केला. मुंबईला डॉ. माधवराव मालवणकर यांच्या दवाखान्यात रुग्ण म्हणून जात असताना त्यांचा परिचय वाढला होता. या विवाहावर खूप लिहिले गेले, ते बहुतांशी जातीच्या अंगाने. पण भाऊराव गायकवाडांना त्या मार्चमध्ये लिहिलेल्या पत्रात त्यांनी जो हिशेब मांडला, त्यात आपली काळजी घेऊ शकेल असे वैद्यकीय ज्ञान असलेले माणूस घरात हवे, ही गरज स्वच्छ सांगितली आहे. ‘प्रकृतीची पर्वा न करणारा’ माणूस असे पत्र लिहीत नाही.

ऑगस्ट ते ऑक्टोबर १९५१

माझ्या दृष्टीने या विषयातली सर्वांत महत्त्वाची दोन कागदपत्रे १९५१ची आहेत. पहिले, १० ऑगस्टचे पंतप्रधान नेहरूंना लिहिलेले पत्र. प्रकृतीची स्वतःला आणि डॉक्टरांना चिंता वाटते, डॉक्टर महिनाभराच्या उपचारांचा आग्रह धरत आहेत, त्यांच्या स्वाधीन होण्यापूर्वी हिंदू कोड बिल मार्गी लागावे. १६ ऑगस्टला ते चर्चेला घ्यावे म्हणजे १ सप्टेंबरपर्यंत पुरे होईल, अशी त्यातली मागणी आहे. यात कुठेही कण्हणे नाही. उरलेल्या ताकदीचा अंदाज घेऊन सर्वांत मोलाचे काम पुढे ओढणे आणि उपचारांचे दिवस त्याच्यामागे ठेवणे, असे ते वेळापत्रक आहे. दीर्घ आजारात नोकरी करणारा प्रत्येक माणूस मनातल्या मनात असेच वेळापत्रक आखत असतो. मंत्र्याने ते पंतप्रधानांना लिहून कळवले, एवढाच फरक. धनंजय कीर यांनी दिल्याप्रमाणे नेहरूंच्या उत्तराचा रोख सबुरीचा होता : बिलाला आतून-बाहेरून विरोध आहे, ते सप्टेंबरच्या आरंभी घेऊ.

बिल प्रत्यक्षात १७ सप्टेंबरला चर्चेला आले, तेही विवाह-घटस्फोटाच्या भागापुरते, आणि चार कलमांनंतर गुंडाळले गेले. दरम्यान, पत्रात बिल पुरे होण्यासाठी धरलेल्या त्याच १ सप्टेंबरला आमच्या मराठवाड्यात, औरंगाबादेस, मिलिंद महाविद्यालयाची कोनशिला राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते बसली. म्हणजे उपचारांच्या महिन्यात उपचार सोडून सगळे झाले. २७ सप्टेंबरला त्यांनी राजीनामा दिला.

दुसरे कागदपत्र म्हणजे १० ऑक्टोबरचे राजीनाम्याचे निवेदन. प्रत आगाऊ दिल्याशिवाय ते सभागृहात वाचू दिले गेले नाही, म्हणून त्यांनी ते बाहेर प्रसिद्ध केले. त्यात त्यांनी ठणकावून सांगितले की, आपण आजारपणामुळे जात आहोत असा समज कोणी करून घेऊ नये. आजारासाठी कर्तव्य सोडणारा आपण नव्हे. गौरवलेख हेच विधान उचलतात आणि त्यातून न थकणाऱ्या पुरुषाची मूर्ती घडवतात. पण दोन्ही कागद शेजारी ठेवले की वेगळा अर्थ निघतो. ऑगस्टमध्ये त्यांनी आजार सांगितला, कारण त्याचा कामाच्या तारखांशी संबंध होता. ऑक्टोबरमध्ये नाकारला, कारण तो मान्य केला असता तर राजीनाम्याची राजकीय कारणे आजाराच्या पांघरुणाखाली गेली असती. सांगावे तर ‘मग विश्रांती घ्या’ ऐकायचे आणि मुद्दा बाजूला पडायचा; न सांगावे तर एकट्याने ओढायचे. या कोंडीतून काढलेली ती वाट आहे. तिला केवळ ‘जिद्द’ म्हणणे म्हणजे त्यातल्या बुद्धीवर अन्याय करणे होय.

आठवणींची पुस्तके

चां. भ. खैरमोडे यांचे बारा खंड आणि कीर यांचे चरित्र ही आपली मुख्य साधने. दोहोंत आजाराचे उल्लेख आहेत, पण ते सुटे. १९५४चे उदाहरण घ्या. मे महिन्यात भंडाऱ्याची पोटनिवडणूक आणि पराभव, त्या वर्षाचा पावसाळा बराचसा अंथरुणात, डिसेंबरमध्ये रंगूनची जागतिक बौद्ध परिषद, त्याच महिन्याच्या अखेरीस देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना. चढ, कोसळणे, पुन्हा चढ, ही दीर्घ आजाराची चाल आहे. चरित्रे घटनांच्या माळेत ती ओवतात, म्हणून ती चाल दिसत नाही.

सविता ऊर्फ माईसाहेब आंबेडकर यांचे ‘डॉ. आंबेडकरांच्या सहवासात’ (१९९०) हे या बाबतीत सर्वांत तपशीलवार पुस्तक. औषधे, पथ्य, दिनक्रम हे एका डॉक्टरच्या नजरेने त्यात येते. पण बाबासाहेबांच्या निधनानंतर त्यांच्यावर घोर संशय घेतला गेला. चौकशीतून मृत्यू नैसर्गिक ठरला, तरी संशय सरला नाही. त्यामुळे हे पुस्तक जबानीसारखे लिहिले गेले आहे. पथ्याचा प्रत्येक तपशील तिथे पुराव्याचे ओझे वाहतो. दिल्लीत टंकलेखनाचे काम करणारे नानकचंद रत्तू यांच्या आठवणी अनेक ठिकाणी या पुस्तकाशी जुळत नाहीत. वाचकही मग कोण खरे, एवढेच तपासत बसतो.

वाद बाजूला ठेवून वाचले तर दोन्ही पुस्तकांत आणखी एक गोष्ट आहे. रत्तू स्वतः सरकारी नोकर. दिवसभर कचेरी करून संध्याकाळी ते अलीपूर रोडच्या २६ क्रमांकाच्या बंगल्यावर येत आणि रात्री उशिरापर्यंत टंकलेखन करत. ५ डिसेंबर १९५६च्या रात्रीही त्यांनी बाबासाहेबांचे पाय चेपले आणि मग मजकुराचे कागद काढून दिले. माईसाहेबांनी आपले वैद्यकीय शिक्षण एका रुग्णाभोवती लावले. आजारी माणसाचे काम चालते ते असे, इतरांच्या वेळेतून आणि इतरांच्या थकव्यातून. ‘एकहाती’ हा शब्द वापरताना हे हात मोजायला हवेत.

गाळलेली प्रस्तावना

हे मोजण्याचे काम बाबासाहेबांनी स्वतः केले होते. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथासाठी १५ मार्च १९५६ ही तारीख घातलेली त्यांची एक प्रस्तावना आहे. लेखन १९५१मध्ये सुरू झाले. मधल्या वर्षांत प्रकृती सतत खाली-वर होत राहिली. एका टप्प्यावर डॉक्टरांना आपण विझत आलेल्या दिव्यासारखे वाटत होतो. तो दिवा पुन्हा पेटला याचे श्रेय पत्नीला आणि डॉ. मालवणकरांना, असे त्यांनी त्यात लिहिले. १९५७मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला तेव्हा ही प्रस्तावना त्यात नव्हती. पुढे भगवान दास यांनी ती उजेडात आणली.

प्रस्तावना गाळली जाण्यामागे त्या काळच्या कटुतेचा वाटा किती, हा वेगळा विषय. परिणाम मात्र स्पष्ट आहे. ज्या पानावर लेखकाने आपला थकवा, उशीर आणि सांभाळणारी माणसे यांची नोंद केली, तेच पान एका पिढीला वाचायला मिळाले नाही. ‘पर्वा न करता’ हा वाक्प्रयोग ज्या पोकळीत वाढला ती पोकळी इथे आहे.

अठरा तास आणि अठ्ठेचाळीस तास

हा नुसता चरित्रकारांचा प्रश्न असता तर एवढे लिहिले नसते. १४ एप्रिलच्या सुमारास महाराष्ट्रात ठिकठिकाणी सलग अठरा तास अभ्यासाचे उपक्रम होतात. मुले वाचनालयात बसतात, हे चांगलेच आहे. पण अठरा तासांची ही कथा मुळात १९१३ ते १९१६ या काळातल्या कोलंबियातील विशी-पंचविशीतल्या विद्यार्थ्याची. ती पुढे साठीला आलेल्या मधुमेही मंत्र्याच्या अंगावरही तशीच चढवली गेली, आणि तिथून ती आपल्या सर्वांच्या अंगावर आली. आमच्या जालन्यात कुंडलिकेच्या दोन्ही तीरांवर, जुन्या भागात काय आणि नव्या भागात काय, लोखंडाच्या कारखान्यांत पाळी करणारी, बियाणे कंपन्यांत काम करणारी, शाळा-कचेऱ्यांत नोकरी करणारी अशी कितीतरी माणसे साखर, सांधे, थायरॉइड घेऊन कामावर जातात. घराच्या भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर असते. त्या तसबिरीतला न थकणारा पुरुष त्यांना बळ देतो, तसाच कधी कधी गुन्हेगारही ठरवतो : त्यांना जमले, तुला का नाही?

याला उत्तर बाबासाहेबांच्याच कामात आहे. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते १९४२ ते १९४६ मजूर खात्याचे सदस्य होते. कारखान्यांतील आठवड्याचे तास ५४वरून ४८वर आणणारी दुरुस्ती १९४६ची, त्यांच्याच खात्याने मांडलेली. कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल तयार करण्यासाठी बी. पी. आडारकर यांची नेमणूक १९४३ची, तीही त्यांच्याच काळातली. त्या अहवालातून १९४८चा कर्मचारी राज्य विमा कायदा आला. त्यातून उभ्या राहिलेल्या योजनेत विमाधारकाला आजारपणात वर्षातून ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के लाभ मिळतो; क्षयासह ३४ दीर्घ आजारांसाठी ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंत मुदत वाढते. शरीर थकते, आजारी पडते आणि तरीही त्याचा पगार चालू राहिला पाहिजे, हे या कायद्याने मान्य केले. सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी, या अटीत ठेकेदार बदलत फिरणारा मजूर अडकतो, हेही खरे. सप्टेंबर २०२५मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दिवसाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर नेण्यास मान्यता दिली. आठवड्याची मर्यादा ४८च राहील, असे सांगितले गेले. आठवड्याची बेरीज तीच राहिली तरी दिवसाच्या दहाव्या-बाराव्या तासाला मधुमेही कामगाराच्या पायांचे काय होते, हे बेरजेत दिसत नाही.

म्हणून अठरा तासांच्या उपक्रमांना माझा विरोध नाही. त्यांच्या शेजारी अठ्ठेचाळीस तासांचा कायदा, १० ऑगस्टचे पत्र आणि ती गाळलेली प्रस्तावनाही वाचली जावी, एवढेच मागणे आहे. खैरमोडे आणि कीर, माईसाहेब आणि रत्तू यांच्या नोंदी तारखेनुसार एकत्र लावून १९४७ ते १९५६ या नऊ वर्षांची आजाराची आणि कामाची एकच दिनदर्शिका कोणीतरी तयार करायला हवी. तिच्यात रिकामे दिवस पुष्कळ निघतील. त्या दिवसांची लाज वाटण्याचे कारण नाही. उरलेले दिवस त्यांच्याच जोरावर निभावले गेले.