डॉ. कोटनीस की अमर कहानी
राजकमल कलामंदिर या संस्थेचा हिंदी चित्रपट (१९४६). दिग्दर्शन व नायकाची भूमिका ⇨व्ही. शांताराम यांची, नायिका जयश्री, संगीत वसंत देसाई. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या ‘अँड वन डिड नॉट कम बॅक’ या लेखनावर तो आधारलेला असून त्याची इंग्रजी आवृत्तीही निघाली. सोलापूर येथे जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस (१९१०–४२) हे १९३८ मध्ये चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांच्या वैद्यकीय पथकातील एक. तेथे त्यांनी १९४१ मध्ये क्वो छिंग-लान या परिचारिकेशी विवाह केला. ऑगस्ट १९४२ मध्ये त्यांना पुत्र झाला आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराच्या विकाराने त्यांचे निधन झाले.

हा चित्रपट मुख्यतः राष्ट्रभक्ती व भारत-चीन मैत्रीचे चित्रण म्हणून ओळखला जातो. तथापि सहचराच्या वियोगाचे चित्रण म्हणून त्याचा शेवट अधिक विचारार्ह आहे. मरणोन्मुख नायक पत्नीला सोलापूरचे घर व तेथील स्वागत यांचे वर्णन ऐकवितो. त्याच शब्दांच्या साथीने ती मुलाला घेऊन त्या घरी पोहोचल्याचे पडद्यावर दिसते. जे त्याने तिला स्वतः दाखवावयाचे, ते ती एकटीच पाहते. आवाज आहे, पण माणूस नाही, ही वैधव्यातील पोकळी आक्रोशाशिवाय केवळ ध्वनी व दृश्य यांच्या विसंगतीतून व्यक्त होते. चित्रपटमाध्यमाच्या सामर्थ्याचा हा लक्षणीय प्रत्यय होय.

या योजनेची मर्यादाही तिच्यातच आहे. शोक पत्नीचा असला, तरी शब्द मृत पतीचे आहेत. ती स्वतः जवळजवळ मूक राहते. घरची माणसे तिला सामावून घेतात आणि एकटेपणाला आरंभ होण्यापूर्वीच कथा संपते. यासुजिरो ओझू या जपानी दिग्दर्शकाच्या टोकियो स्टोरी (१९५३) या चित्रपटात पत्नीच्या मृत्यूनंतर पाहुणे परततात व वृद्ध पती रिकाम्या घरात बसून राहतो. शांताराम यांचा चित्रपट त्या रिकाम्या घरापर्यंत जात नाही.

वास्तवात छिंग-लान सोलापूरला राहावयास आल्या नाहीत. त्या चीनमध्येच राहिल्या, मुलगा यिन-ह्वा १९६७ मध्ये ऐन तारुण्यात वारला आणि २०१२ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांनी भारताला अनेकदा भेटी दिल्या. परंतु चित्रपटातील गृहागमन कल्पितच आहे. ते कल्पिण्यामागील गरज विधवेची नसून, ज्यांचा मुलगा परतला नाही, त्या घराची व देशाची आहे. त्यामुळे या शेवटात प्रत्यक्षात दिसतो तो वाट पाहणाऱ्यांचा शोक. पत्नीच्या रूपाने तो दारात येऊन उभा राहतो. निरोपाचे चित्रण म्हणून हा प्रसंग श्रेष्ठ ठरतो. निरोपानंतरच्या दीर्घ एकाकीपणाचे चित्रण मात्र त्यात झालेले नाही.