रमाबाई, त्रैक्य आणि मूळ पाठ

पंडिता रमाबाईंचा इंग्रजी पत्रव्यवहार श्री. अ. भि. शहा यांनीं संपादिला व महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृति मंडळानें तो १९७७ सालीं प्रसिद्ध केला. चरित्रकारांनीं त्याचा उपयोग पुष्कळ केला आहे. परंतु जुन्या पोथ्यांत वावरणाऱ्यांचें लक्ष ज्या भागाकडे आधीं जावयास हवें, तो धर्मपंडितांचा काथ्याकूट म्हणून बहुधा ओलांडला जातो. ख्रिस्ती धर्मांतील त्रैक्याच्या सिद्धांतास बायबलांत प्रमाण काय, यासंबंधीं १८८४-८५ च्या सुमारास रमाबाई व त्यांच्या इंग्रज मार्गदर्शिका यांच्यामध्यें झालेला वाद, तो हा भाग. हा वाद श्रद्धेचा आहे तितकाच प्रमाणनिर्णयाचा आहे, आणि तसा तो वाचला न गेल्यामुळें रमाबाईंवर अन्याय झाला आहे, असें आमचें म्हणणें आहे.

रमाबाईंनीं २९ सप्टेंबर १८८३ रोजीं इंग्लंडांत वाँटेज येथें बाप्तिस्मा घेतला. पुढील वर्षीं त्या चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या कॉलेजांत गेल्या. तेथील प्रमुख मिस डोरोथिआ बील. वाँटेजच्या मठांतील सिस्टर जेराल्डाइन यांस रमाबाई ‘आजीबाई’ म्हणत. बाप, पुत्र व पवित्र आत्मा हे तिघे, तिघेही अनादि व समान, तथापि ईश्वर एकच, हा सिद्धांत इंग्लंडच्या चर्चमध्यें अथनेसियसच्या नांवावरील मतप्रतिज्ञेच्या द्वारें म्हटला जाई; आणि तो न मानणारास तारण नाहीं, असेंही त्या लेखांत आहे. रमाबाईंस ख्रिस्ताची शिकवण मान्य होती. हा लेख मान्य नव्हता. शास्त्रांत जें स्पष्ट दिसेल तें मानीन, मनुष्यांनीं मागाहून रचलेलें मानणार नाहीं, हा त्यांचा पक्ष. आपल्या देशांतील भटभिक्षुकांचें जूं नुकतेंच मानेवरून उतरविलें असतां दुसरें घेण्याची आपली तयारी नाहीं, अशा आशयाचें उत्तर त्यांनीं आजीबाईंस दिलें आहे.

येथें ग्रंथाविषयीं एक सूचना केली पाहिजे. हीं पत्रें सिस्टर जेराल्डाइन यांनीं स्वतः मागाहून जुळविलेलीं आहेत व त्यांस टिपणेंही त्यांचींच आहेत. म्हणजे दप्तर एका पक्षकाराच्या घरचें. होळकरांच्या कारकुनानें शिंद्यांची बखर लिहावी, तशी ती वाचतांना सावधगिरी हवी. पत्रें हा अस्सल पुरावा. टिपणें ही एका दुखावलेल्या प्रेमळ बाईंची साक्ष. संपादकानें हीं दोन टाइपांनीं वेगळीं केलीं असतीं तर वाचकांवर उपकार झाले असते. रमाबाईंच्या ‘गर्वा’ची व ‘हट्टा’ची जी ख्याति पुढील लेखकांत पसरली तिचा उगम बव्हंशीं या साक्षींत आहे. मिस बील यांची गोष्ट वेगळी. त्यांनीं निदान प्रश्नास प्रश्न म्हणून उत्तर देण्याचा यत्न केला.

दुसरें प्रचलित स्पष्टीकरण असें कीं, रमाबाई मनानें ब्राह्मसमाजीच राहिल्या. १८७८ पासून १८८२ पर्यंत त्यांचें वास्तव्य मुख्यतः बंगाल-आसामांत होतें, तेव्हां हा तर्क निराधार नाहीं. परंतु त्याच बंगालांत केशवचंद्र सेन यांनीं १८८२ सालीं त्रैक्यावर व्याख्यान देऊन बाप, पुत्र व आत्मा यांची सत्, चित् व आनंद यांशीं सांगड घातली होती. वेदांतांत मुरलेल्या विदुषीस ती पळवाट सहज खुली होती. ब्रह्मा, विष्णु, महेश या त्रिमूर्तीची तर कोणाही मराठी वाचकास आठवण व्हावी. रमाबाईंनीं यांपैकीं कशाचाही आधार घेतला नाहीं. भागवताचे १८,००० श्लोक मुखोद्गत असलेली अनंतशास्त्री डोंगरे यांची ही कन्या उपमान सोडून शब्दप्रमाण मागत होती. मूळ ग्रंथांत काय आहे आणि भाष्यांत काय आहे, हा भेद तिला कोणीं शिकवावा लागला नव्हता.

आणि तिनें विचारलें तें इंग्लंडांतही अवेळीं नव्हतें. ‘त्रैक्य’ हा शब्द बायबलांत नाहीं. ग्रीक भाषेंत तो थिओफिलसानें दुसऱ्या शतकाच्या अखेरीस वापरला, लॅटिनांत त्यानंतर लवकरच तर्तुल्यनानें रूढ केला. सिद्धांताची घडण ३२५ व ३८१ सालच्या परिषदांतून झाली. अथनेसियसची म्हणून चालणारी मतप्रतिज्ञा अथनेसियसची नव्हे. ती त्याच्यामागून लॅटिन भाषेंत रचलेली आहे. आमच्याकडील ज्ञानदेवांच्या नांवावरील पुष्कळशा अभंगांसारखाच हा प्रकार होय.

याहून बोधप्रद गोष्ट योहानाच्या पहिल्या पत्राच्या पांचव्या अध्यायांतील सातव्या वचनाची. स्वर्गांत बाप, शब्द व पवित्र आत्मा असे तीन साक्षी असून ते तिघे एक आहेत, अशा अर्थाचा जो मजकूर तेथें छापला जाई, तोच त्रैक्याचा सर्वांत उघड आधार. चौथ्या शतकांतील ग्रीक पोथ्यांत तो नाहीं. इरॅस्मस यानें १५१६ व १५१९ च्या आवृत्त्यांत तो घेतला नाहीं. त्यावर ओरड झाली, मजकूर असलेली एक ग्रीक पोथी पुढें करण्यांत आली, आणि १५२२ च्या आवृत्तींत तो शिरला. ती पोथी सोळाव्या शतकांतीलच आहे. योगायोग असा कीं, ती आज डब्लिनच्या ट्रिनिटी, म्हणजे त्रैक्य याच नांवाच्या, कॉलेजांत आहे. न्यूटनानें १६९० सालीं या प्रक्षेपावर निबंध लिहिला, पण तो हयातींत छापण्याचें धाडस केलें नाहीं. शेवटीं १८८१ च्या सुधारलेल्या इंग्रजी नव्या करारांतून तो मजकूर गळाला. रमाबाई इंग्लंडांत उतरल्या त्या यानंतर दोनच वर्षांनीं. त्यांच्या पक्षाचा पाया हेंच वचन होतें, असें आम्ही म्हणत नाहीं. पण ज्या देशाचे पंडित स्वतः पोथ्या ताडून पाहून वचनें गाळीत होते, त्या देशांत मूळ दाखवा म्हणणाऱ्या परदेशी बाईस गर्विष्ठ ठरविलें गेलें, हें विसरतां येत नाहीं.

तथापि रमाबाईंचा पक्ष सर्वस्वीं निर्दोष होता असें नव्हे. शब्द नाहीं म्हणून अर्थ नाहीं, असें होत नाहीं. मत्तयाच्या शेवटच्या अध्यायांत बाप्तिस्म्याच्या संबंधांत तिघांचीं नांवें एकत्र आलीं आहेत, करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या अखेरीसही आलीं आहेत, आणि योहानाच्या शुभवर्तमानाचा आरंभ तर शब्दास ईश्वर म्हणतो. त्याच शुभवर्तमानांत बाप माझ्याहून थोर आहे अशा अर्थाचें ख्रिस्ताचें वचन असल्यामुळें मेळ घालावा लागतो. हा मेळ म्हणजेच त्रैक्याचा सिद्धांत. प्रक्षेप काढल्यानें सिद्धांत पडत नाहीं. महाभारताच्या पुण्यांतील चिकित्सक आवृत्तींत गणपति लेखकु झाल्याची कथा सुखटणकरांनीं परिशिष्टांत टाकली, म्हणून कोणाच्या घरचा गणेशोत्सव बंद पडला नाहीं. रमाबाईंनीं मिळालेल्या उत्तरांतील दोष पाहिला तितक्या बारकाईनें ही बाजू तेव्हां पाहिली नाहीं, असें आम्हांस वाटतें. पुढें १९०७ सालच्या आपल्या आत्मकथनांत त्या निराळ्या भूमीवर उभ्या दिसतात. पण तेथें त्यांस वादानें नव्हे, अनुभवानें नेलें.

मूळ पाहण्याची खोड मात्र गेली नाहीं. उतारवयांत केडगावच्या मुक्तिसदनांत राहून त्यांनीं हिब्रू व ग्रीक यांवरून संपूर्ण बायबल मराठींत आणलें. प्रचलित भाषांतरांतील संस्कृतप्रचुर व वेदांताचा वास असलेले शब्द त्यांस नको होते. खेड्यांतल्या बाईस वाचून समजावें अशी भाषा हवी होती. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्या वारल्या, व ग्रंथ १९२४ सालीं पूर्ण बाहेर आला. मुळशी पेठेंतील धरणाविरुद्धच्या सत्याग्रहानें पुणें जिल्हा गाजला तीं हींच वर्षें. जिल्ह्याच्या त्या टोंकाचें दप्तर अभ्यासकांनीं बरेंच उलगडलें. या टोंकाचा हा ग्रंथ मिशनच्या कपाटाबाहेर फारसा कोणीं पाहिला नाहीं.

चेल्टनहॅमच्या वादाचा निकाल शोधावयाचा तर तो आजीबाईंच्या टिपणांत न शोधतां या छापील पानांत शोधावा. योहानाच्या पत्रांतील तें वचन बाईंनीं कसें लाविलें, ‘शब्द’ व ‘आत्मा’ यांस त्यांनीं कोणते प्रतिशब्द योजिले, आणि मिशनच्या जुन्या मराठी प्रतींहून ते कोठें फिरले, हें ओळीस ओळ लावून पाहण्याजोगें आहे. ज्या संग्राहकांजवळ केडगावची १९२४ ची प्रत असेल, विशेषतः समासांत हस्ताक्षरांतील दुरुस्त्या असलेली, त्यांनीं योहानाच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय व पहिल्या पत्राचा पांचवा अध्याय, एवढ्या दोहोंची नक्कल मंडळाकडे पाठवावी.